फाइल म्हणजे कोणती? : जोडारी वर्गाच्या पोर्टफोलिओच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आज सांगितलं, "आता प्रत्येकाची स्वतःची एक फाइल राहील." मागून आवाज आला, "सर, बास्टर्ड की स्मूथ?" सगळे हसले, मीही हसलो. प्रमाणपत्रावर आमच्या व्यवसायाचं नाव 'जोडारी' असलं तरी भोसरी एमआयडीसीत ते कुणी उच्चारत नाही, तिथे फिटरच. आणि फिटरच्या शॉपमध्ये फाइल म्हणजे कानस: बास्टर्ड जाड दातांची, स्मूथ बारीक. तेव्हा कागदांच्या फाइलीला 'पोर्टफोलिओ' म्हणायचं ठरलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं 'फोल्यो' झालं होतं.

हे कशासाठी करतोय ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर डिसेंबरात मलाच आठवणार नाही. डीजीटीच्या (केंद्राच्या प्रशिक्षण महानिदेशालयाच्या) अभ्यासक्रमात स्पष्ट म्हटलंय की वर्षभराचं मूल्यमापन पुराव्यावर हवं: वर्कशॉपमध्ये केलेला जॉब (म्हणजे घडवलेला तुकडा), रेकॉर्ड बुक किंवा रोजची डायरी, तोंडी, प्रगती तक्ता, हजेरी, असाइनमेंट, प्रकल्प. प्रात्यक्षिकात आणि या वर्षभराच्या मूल्यमापनात पास व्हायला ६० टक्के लागतात, बाकी विषयांत ३३. म्हणजे हाताच्या कामाचा उंबरठा नियमानंच जवळजवळ दुप्पट उंच ठेवलाय. आणि आम्ही गुण कशावर देतो? डायरीवर. डायरी कुठून येते? मागच्या बॅचकडून. गेल्या वर्षी एका डायरीत मला असा जॉब सापडला जो आम्ही दोन वर्षांपूर्वीच बंद केला होता. पोरानं तो मन लावून 'केलेला' होता, ड्रॉइंगसकट. खाली सहीही होती. माझीच.

गटनिदेशक मॅडमनी परवानगी दिली. एक युनिट, २० प्रशिक्षणार्थी, डिसेंबरपर्यंत. नावं या नोंदीत नाहीत, बेंच नंबर लिहीन.

बुधवार, १३ ऑगस्ट

पोर्टफोलिओत काय काय असावं यावर वाचन. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात करिअर-तंत्रशिक्षणासाठी 'सी-टॅप' नावाची पद्धत वेस्टएडनं बसवली होती. त्यात परिचयपत्र, रेझ्युमे, शिफारसपत्र, कामाचे नमुने, एक लेखनाचा नमुना आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी देखरेख करणाऱ्याचं मूल्यमापन असा सगळा संच होता. विचार चांगला आहे. पण आपल्या पोरांचा रेझ्युमे सायबर कॅफेवाला बनवतो, त्यावर गुण द्यायचे तर त्या कॅफेवाल्याला द्यावे लागतील. रेझ्युमे, परिचयपत्र बाजूला. कामाचे नमुने ठेवले.

इतक्या लांब जायचीही गरज नव्हती म्हणा. आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विचारावर की मूल गावाच्या उपयोगाचं खरं काम करता करता शिकतं. त्यातून एक गोष्ट उचलली: प्रत्येक जॉबला खर्चाची ओळ. एमएस फ्लॅट (मऊ पोलादाची पट्टी) किती गेला, ग्रॅममध्ये. लोखंडाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरायची. ७५ × ५० × १० मिमीचा तुकडा म्हणजे साधारण २९४ ग्रॅम. गणिताच्या तासाला हेच विचारलं तर वर्ग गप्प बसतो, इथे मात्र चौघांनी फळ्याआधी उत्तर दिलं.

प्रत्येक जॉबला चार पानं. ड्रॉइंग आणि स्वतः ठरवलेला कामाचा क्रम. मापांचा तक्ता. फोटो. आणि 'काय चुकलं, कसं सुधारलं' हा परिच्छेद.

पहिला जॉब: चौकोनी मेल-फिमेल फिटिंग (एक भाग दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा), बाहेरचं माप ५०, सहनशीलता, म्हणजे मापात चालणारा फरक, ±०.०४ मिमी.

सोमवार, १८ ऑगस्ट

फोटोचा घोळ. शॉपमध्ये मोबाइल बंद आहे आणि तो बंदच राहील. चालू ड्रिलिंग मशीनसमोर कुणी रील काढताना मला बघायचं नाही. ऑफिसातून जुना टॅब मागून आणला आणि स्टँडवर बसवला.

पोरांनी टॅबवरचे फोटो व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवून मग प्रिंट काढले. त्या वाटेनं गेलं की फोटोच्या पोटातली तारीख-वेळ पुसली जाते, म्हणजे पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. उपाय अंगणवाडीतला: एक पाटी. पाटीवर खडूनं तारीख, बेंच नंबर, जॉब नंबर. जॉबशेजारी स्टीलची पट्टी. तिन्ही एकाच चौकटीत नसतील तर फोटो परत.

मंगळवार, २ सप्टेंबर

गणपती. हजेरी निम्मी. ढोल पथकातल्या चौघांच्या तळहाताला फोड आलेत, कानस धरवत नाही. त्यांना मार्किंगला बसवलं.

सोमवार, ८ सप्टेंबर

पहिल्या जॉबचे २० पोर्टफोलिओ जमा. मी तपासले आणि शेजारच्या युनिटच्या निदेशक मॅडमनी तपासले, एकमेकांना न दाखवता. गुणांचे पट्टे अभ्यासक्रमातलेच तीन: ६० ते ७५, ७५ ते ९०, आणि ९० च्या वर. आज दोघांचे कागद शेजारी ठेवले. २० पैकी ९ ठिकाणी पट्टा जुळला. नऊ! डोळे मिटून दिले असते तरी फार वेगळं काही निघालं नसतं.

हे आपल्याच नशिबी आलंय असं नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं १९९१-९२ मध्ये चौथी आणि आठवीसाठी राज्यभर पोर्टफोलिओ आणले, गणिताला आणि लेखनाला. रँड संस्थेनं ते तपासले तेव्हा दुखणं हेच निघालं: एकाच पोर्टफोलिओला दोन परीक्षक दोन वेगळे गुण देत होते. वाचून थोडं हायसं वाटलं. खरं तर वाटायला नको होतं.

सर्वांत मोठी तफावत बेंच ३ आणि बेंच १६ मध्ये.

बेंच १६ चा पोर्टफोलिओ लग्नाच्या अल्बमसारखा. समास आखलेला, शीर्षकं दोन रंगांत, 'काय चुकलं' मध्ये सव्वा पान. मी ९० च्या वर टाकला. मॅडमनी ६० ते ७५ मध्ये.

बेंच ३ ही मुळशीकडची मुलगी. तिच्या 'काय चुकलं' मध्ये एकच ओळ: "कड गोल झाली मग सरळ केली." मी ६० ते ७५. मॅडम, ९० च्या वर.

मॅडमना विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, "तुम्ही जॉब कुठे ठेवून बघितलात?"

मी घरी तपासले होते. रात्री, जेवणानंतर. फक्त फाइली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी दोन्ही जॉब सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घ्यायच्या सपाट पाटावर, घेतले.

बेंच ३: मेल भाग फिमेलमध्ये चारही बाजूंनी फिरवून बसतो. फट मोजायच्या फीलर गेजची ०.०५ मिमीची पात कुठूनही जात नाही. उजेडासमोर धरलं तर एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ, बस.

बेंच १६: एकाच बाजूनं बसतो, फिरवला की अडकतो. ०.१५ ची पात आरपार.

मी अक्षराला गुण दिले होते. फिटरचे गुण, अक्षराला. गुणांच्या तक्त्यावर मीच मराठीत 'नीटनेटकेपणा' असं एका शब्दात लिहिलं होतं. अभ्यासक्रमात त्या जागी जॉबच्या फिनिशची सफाई आणि ती सगळीकडे सारखी असणं अभिप्रेत आहे. मॅडमनी तो शब्द जॉबला लावला, मी पानाला. त्या एका शब्दानं किती पट्टे फिरले ते मोजलं: अकरापैकी सात.

शब्द बदलला. 'जॉबच्या पृष्ठभागाची सफाई'. लांब आहे, पण पानाला चिकटणार नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

काल फीलर घेऊन बसलोच होतो, म्हणून मापांचे तक्तेही उघडले. हे खरं दुखणं.

२० तक्ते, प्रत्येकी ६ मापं, म्हणजे १२० आकडे. त्यातले ८३ नेमके ड्रॉइंगवरचेच. ५०.०० म्हणजे ५०.००. जर्मनीतल्या टूलरूमलाही हेवा वाटावा. उरलेल्यांत एक ओळ तर फारच गोड: "२४.९७, साधन: व्हर्नियर." आमच्या व्हर्नियरचं अल्पतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत बारीक माप, ०.०२ आहे. त्यावर शेवटचा आकडा समच येणार. २४.९६ येईल, २४.९८ येईल, ९७ येणारच नाही. पोरानं खोटं लिहिताना 'अगदीच सरळ नको, जरा खरं वाटू दे' एवढा विचार केला आणि तिथेच सापडला.

त्याला रागावलो नाही. वीस जणांपैकी वीस जण खोटं लिहितात तेव्हा चूक तक्त्याची असते. जॉब मापात नसेल तर गुण जातात, हे त्यांना पक्कं माहीत आहे. मग खरं माप लिहून स्वतःचे गुण कोण घालवेल? मी त्यांच्या जागी असतो तर मीही ५०.००.

मूल्यमापनाची जुनी कल्पना मोडली. आता मापाचे गुण दोन ठिकाणी. एक, जॉब सहनशीलतेत आहे का. दोन, प्रशिक्षणार्थीनं लिहिलेलं माप आणि मी मोजलेलं माप यांत फरक किती. फरक ०.०२ च्या आत असेल तर दुसऱ्या रकान्याचे पूर्ण गुण, जॉब रिजेक्ट असला तरी. कंपनीत चुकलेला जॉब परत येतो, पण चुकलेलं माप लिहिणारा माणूस त्याहून महाग पडतो.

आणि व्हाइटनर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, सही, तारीख. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

ता. क. ५० चं माप निवडणं ही माझी चूक. ५० मायक्रोमीटरच्या दोन पल्ल्यांच्या सीमेवर येतं. जॉब किंचित लहान असेल तर २५-५० चा लागतो, किंचित मोठा असेल तर ५०-७५ चा. आमच्याकडे ५०-७५ चे दोनच, त्यातला एक सदैव कॅलिब्रेशनला गेलेला. रांग लागते, मग व्हर्नियरवर भागवतात. पुढच्या जॉबचं बाहेरचं माप ४८.

सोमवार, १५ सप्टेंबर

गंज! तीन दिवस पावसाची झड होती. पेटीत ठेवलेल्या जॉबांवर तांबूस बुरशी धरल्यासारखं झालंय. नियम असा की मूल्यमापनाचे पुरावे पुढच्या परीक्षेपर्यंत तपासणीसाठी जपून ठेवायचे. कागद जपता येतो. लोखंड पुण्याच्या सप्टेंबरात जपणं हे वेगळंच काम. बेंच ११ चा जॉब सरफेस प्लेटवर ठेवला तर गंजामुळे माप ०.०३ नं वाढलं. आता पुरावा कोणाचा, पोराच्या हाताचा की पावसाचा?

तातडीनं: प्रत्येक जॉब घासलेट-कपड्यानं पुसून, तेल लावून, गंजरोधक कागदात. आणि माझं माप जमा झाल्या दिवशीच घ्यायचं, नंतर नाही.

वजनाचा हिशोबही आत्ताच केला. एक फिटिंगची जोडी अर्धा किलो धरली, वर्षाला १० जॉब, २० प्रशिक्षणार्थी. १०० किलो. कपाटाच्या फळ्या वाकतील. मॅडम म्हणतात ड्रिलिंग मशीनशेजारचा लोखंडी रॅक घ्या. त्या रॅकवर सध्या २०१४ च्या बॅचचं रद्दी सामान आहे आणि ते कुणी हलवायचं यावर सध्या विचारविनिमय चालू आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

बेंच ९ आणि बेंच १४ चे फोटो. पाट्या वेगळ्या, नंबर वेगळे, जॉब एकच. डाव्या खालच्या कोपऱ्यातला कानशीचा तिरपा ओरखडा दोन्हींत सारखा. विचारल्यावर ९ म्हणाला, "सर, त्यानं बघायला नेला होता." १४ म्हणाला, "सर, त्यानं बघायला दिला होता." निदान साक्षी जुळल्या.

पाटी फोटोतल्या तारखेची हमी देते, जॉबच्या मालकाची नाही. आजपासून कटिंग झाल्याबरोबर, कानस लागायच्या आधी, नंबर पंचानं तुकड्यावर बेंच नंबर. पंच माझ्या कुलपात. पुढे तीन टप्प्यांवर माझी सही: मार्किंगनंतर, एक बाजू गुण्यात (काटकोनात) आल्यावर, फिटिंगच्या आधी. टप्प्याची सही नसेल तर तयार जॉब कितीही देखणा असला तरी तो कुठून आला हे मला माहीत नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

लिहिण्याचा प्रश्न उरलाच होता. बेंच ३ ला बोलावून विचारलं, "एकच ओळ का लिहिलीस?"

"सर, लिहायला काय, झालं ते झालं."

"बरं, लिहू नकोस. सांग."

मग ती जे बोलली ते टॅबवर रेकॉर्ड केलं, जवळजवळ दीड मिनिट. "कानस पुढं ढकलताना तिचं नाकाड खाली जात हुतं, मागं येताना मूठ. म्हणून दोन्ही कडा गोल झाल्या, मधी उंच राहिलं. मग उजवं कोपर अंगाला लावून धरलं, वजन मधी आल्यावर दोन्ही हातांवर सारखं घेतलं. तरी एक कड ऱ्हायली तवा निळा लावून बघितलं कुठं टेकतंय." निळा म्हणजे प्रशियन ब्ल्यू, टेकणारी जागा दाखवणारा रंग. बेंच १६ च्या सव्वा पानात यातलं काहीही नव्हतं. 'अचूकतेचे महत्त्व' होतं.

यापुढे 'काय चुकलं' हे पान तोंडी दिलं तरी चालेल, त्याच भाषेत. मॅडमची शंका: पण कंपनीत रिपोर्ट लिहावा लागतोच ना? लागतो. त्यासाठी एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचा तास आहे, तिथे तपासा. कानशीच्या गुणांत ते मिसळायला नको. मॅडमना हे अर्धंच पटलंय.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

व्हाइस, कानशी, मायक्रोमीटर धुऊन-पुसून पूजा. बेंच ५ नं आपला फोल्यो पण झेंडूसकट व्हाइसवर ठेवला. काढायला सांगणार होतो, राहू दिला. पानांना हळदीचे डाग. ऑडिटमध्ये कुणी विचारलं तर बघू.

बुधवार, ८ ऑक्टोबर

दुसऱ्या जॉबची तपासणी, नव्या क्रमानं. आधी जॉब हातात, चिठ्ठी टाकून निवडलेली दोन मापं मी घेतो. मग त्याचा तक्ता. मग पाच मिनिटं बोलणं. पानं सगळ्यांत शेवटी.

पाच मिनिटांत काय होतं याचा एक नमुना. बेंच ७. तक्त्यात ४८.०६, म्हणजे सहनशीलतेबाहेर. खरं लिहिलंय, छान. शेजारी कारण: "फाइलिंगमुळे जॉब तापून प्रसरण पावला."

म्हटलं, "थिअरी पक्की दिसते. मग आकडा काढू. पोलाद एका अंशाला मीटरमागे किती वाढतं?"

"साडेअकरा मायक्रॉन, सर."

"मग ४८ मिमीचा जॉब ०.०६ नं वाढायला किती तापायला पाहिजे?"

खडू घेतला, पाटीवरच केलं. एका अंशाला ०.०००५५. भागाकार केला, थांबला, पुन्हा केला. "सर, एकशे नऊ अंश."

"शॉपच्या तपमानाच्या वर एकशे नऊ. आणि तू तो हातात धरून मोजलास?"

वर्गात हशा. तोही हसला, पण मग स्वतःच जॉब उलटा करून कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं. बर, म्हणजे घासल्यावर कडेला उरणारा धातूचा बारीक काठ, राहिला होता, मायक्रोमीटरची टोकं बरवर टेकत होती. स्मूथ कानशीनं बर काढला, पुन्हा माप: ४८.०२. जॉब पहिल्यापासून पास होता!

हे लेखी परीक्षेत दिसलं नसतं, कारण प्रसरणाचा गुणांक त्याला पाठ आहे. नुसत्या जॉबवरून दिसलं नसतं, कारण ४८.०६ म्हणजे रिजेक्ट, विषय संपला. कागदावरचं कारण वाचून तर मी कदाचित खूश होऊन अर्धा गुण जास्त दिला असता. त्याला तापमान कळतं, भागाकार कळतो, आणि मोजण्याआधी बर काढायची सवय नाही, हे सगळं जॉब, कागद आणि तो स्वतः असे तिन्ही एकाच टेबलावर आले तेव्हा कळलं. सुधारलेलं माप रेघ मारून लिहून घेतलं. 'माप खरं' या रकान्यात त्याला गुण कमी दिले: त्यानं वाचलं ते खरं होतं, मोजलं ते जॉबचं नव्हतं. यावर आम्हा दोघा निदेशकांत वाद झाला, अजून मिटलेला नाही.

वेळ: एकाला मोजायला आठ आणि बोलायला पाच अशी तेरा मिनिटं. वीस जणांना २६० मिनिटं, म्हणजे चार तास वीस मिनिटं. प्रत्यक्षात दोन दिवस लागले, कारण मध्ये दोनदा वीज गेली आणि एकदा साहेबांची फेरी झाली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दोघांचे पट्टे पुन्हा शेजारी. २० पैकी १६ जुळले. जे चार नाहीत त्यांतले तीन 'सुरक्षितता' या रकान्यात फिसकटले. सुरक्षितता पोर्टफोलिओत दिसतच नाही. गॉगल घातलेला फोटो म्हणजे गॉगल फोटोपुरता घातला होता एवढाच पुरावा. तो रकाना पोर्टफोलिओतून काढला, त्याचे गुण रोजच्या निरीक्षणातून द्यायचे.

आणि मापांचे आकडे: या खेपेला १२० पैकी नेमके ड्रॉइंगवरचे फक्त १४. रिजेक्ट जॉब मागच्यापेक्षा जास्त, कागदावर तरी. वरून कुणी नुसता हा तक्ता बघितला तर म्हणेल वर्ग बिघडला. मासिक अहवालात दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडलं.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आत जॉबना पुन्हा तेल लावायचं.

सोमवार, १० नोव्हेंबर

भोसरीच्या एका शॉपचे मालक आले होते. अकरा माणसं, जिग-फिक्स्चरचं, म्हणजे मशीनवर जॉब धरायच्या साधनांचं, काम. १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवार घेतात आणि दरवर्षी माझ्याकडे कुरकुर करतात. त्यांच्यासमोर सहा फोल्यो ठेवले. कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू.

पहिला उघडला, पानं बोटानं फरफर उलटली, मिटला. दुसरा तसाच. "सर, एवढं वाचायला कुणाला वेळ आहे?"

तिसरा बेंच १२ चा. मापांच्या तक्त्यावर बोट थांबलं. "काय रे, हे का खोडलंस?"

बेंच १२ उभाच होता. "आधी व्हर्नियरनं घेतलं होतं काका, मग मायक्रोमीटरनं. फरक आला."

"मग खरं कुठलं धरलंस?"

"मायक्रोमीटरचं. पण आधी त्याचा झिरो चेक केला. एक लाइन पुढं होता, तेवढं वजा केलं."

मालकांनी मान हलवली नाही, काही बोलले नाहीत. बाकीचे तिन्ही फोल्यो उघडून थेट त्याच पानावर गेले आणि फक्त खोडलेल्या ओळी बघत बसले. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी हे पान पहिलं लावा. ते रंगीत बिंगीत नको." मग दाराशी थांबून, "आणि बिनखोडलेला तक्ता असेल तर मला दाखवूच नका."

हे शेवटचं मी वर्गाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्यापासून वीस जण मुद्दाम खोडतील.

सोमवार, १ डिसेंबर

गटनिदेशक मॅडमना द्यायच्या टिपणासाठी ठरलेलं. चारऐवजी तीन पानं: मापांचा तक्ता पहिला, मग टप्प्यांच्या सह्यांसकट कामाचा क्रम, मग एकच फोटो. 'काय चुकलं' लेखी किंवा तोंडी. दोन परीक्षक सगळ्या जॉबना शक्य नाहीत, म्हणून वर्षात तीन जॉबना. वाद न मिटलेला: बेंच ७ चा प्रकार, बर न काढता घेतलेलं खरं माप. रॅक रिकामा झाला. २०१४ चं सामान शेवटी मीच हलवलं.

दुपारी बेंच १६ आला. त्यानं पहिल्या जॉबचा तुकडा स्वतःहून पुन्हा केलाय, सुट्टीनंतर, संध्याकाळी थांबून. मला माहीत होतं, कारण पंच मागायला तो माझ्याकडेच आला होता. नवीन तुकड्यावर '१६-ब'. फोल्योत या खेपेला रंग नाहीत, तक्ता एक, त्यात चार रेघा.

"सर, आधीचा फेकू का आता?"

"नाही. परीक्षेची तपासणी होईपर्यंत दोन्ही ठेवायचे. तेल लाव."

त्यानं दोन्ही पुसले, तेल लावलं, कागदात गुंडाळायच्या आधी नवा माझ्यापुढे धरला. फिरवून बघितला. चारपैकी तीन बाजूंनी छान बसतो. चौथीकडून ०.०५ ची पात अजून जाते. तक्त्यात बघितलं, त्यानं ते आधीच लिहिलं होतं.